गोपालपुरा : जिथे मध्यरात्री स्पेन जागते

जयपूर म्हटले, की डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो हवामहल. मग जंतरमंतर, आमेरचा किल्ला, लाखेच्या बांगड्या, मोजड्या आणि सांगानेरी छापाच्या चादरी. महाराष्ट्रातून जाणारी सहल दोन दिवसांत एवढे सगळे उरकते आणि तिसऱ्या दिवशी अजमेर-पुष्करच्या वाटेला लागते. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेले, विद्याधर भट्टाचार्य यांच्या आराखड्याप्रमाणे चौकटी-चौकटींनी आखलेले आणि १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी गुलाबी रंगवलेले हे शहर पाहण्याजोगे आहेच. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. मात्र या तटबंदीच्या शहरातून बाहेर पडून टोंक रस्त्याने दक्षिणेला आठ-दहा किलोमीटर गेले, की एक वेगळेच जयपूर सुरू होते. तिथे राजवाडा नाही, बाग नाही, तिकीट काढून पाहावे असे काहीच नाही. त्या भागाचे नाव गोपालपुरा.

टोंक रस्त्यावरच्या गोपालपुरा मोडपासून गोपालपुरा बायपास हा रुंद रस्ता पश्चिमेकडे निघतो. त्रिवेणीनगर, रिद्धी-सिद्धी चौक असे टप्पे घेत तो गुर्जर की थडीपर्यंत आणि पुढे मानसरोवरच्या बाजूला जातो. या रस्त्यावरच्या इमारतींचा मूळ रंग कोणता, हे सांगणे कठीण आहे. गुलाबी तर नाहीच. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत त्या जाहिरातींच्या फलकांनी झाकलेल्या असतात. पटवारी, ग्रामविकास अधिकारी, पोलीस उपनिरीक्षक, तृतीय श्रेणी शिक्षक, राज्य प्रशासकीय सेवा... सरकारी नोकरीची जेवढी म्हणून पदे आहेत, तेवढ्यांची शिकवणी येथे मिळते. फलकांवर यशस्वी उमेदवारांचे छोटे-छोटे फोटो ओळीने लावलेले असतात आणि त्यांच्या मध्यभागी सरांचा मोठा फोटो असतो.

मराठी माणसाला हा परिसर परका वाटत नाही. पुण्याची सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याने गोपालपुरा अर्धा पाहिला आहे. तिथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी बीड, जालना, नांदेड, सोलापूरची मुले येतात. इथे सीकर, झुंझुनू, नागौर, दौसा, भरतपूरची येतात. तिथल्या अभ्यासिकेला इथे ‘लायब्ररी’ म्हणतात. लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे, तर लाकडी फळ्यांनी वेगळी केलेली, एका दिव्याची आणि एका खुर्चीची भाड्याची जागा. पुस्तके ज्याची त्याने आणायची. मेसचा डबा तोच, खोलीतले तिघे-चौघे तेच, आणि गावाहून आईचा फोन आला की ‘अभ्यास चांगला चाललाय’ हे ठरलेले उत्तरही तेच. फक्त ते मारवाडी, शेखावाटी किंवा ढूंढाडी बोलीत दिले जाते.

थडी या शब्दाची गंमत

‘गुर्जर की थडी’ हे नाव वाचून मराठी वाचक जवळपास एखादी नदी शोधू लागेल. आपल्याकडे थडी म्हणजे नदीचा काठ. पैलथडी, गंगथडी हे शब्द आपल्या ओळखीचे. परंतु जयपुरात थडी म्हणजे टपरी. रस्त्याच्या कडेची, चार बांबू आणि एक पत्रा एवढ्यावर उभी असलेली चहाची टपरी. अशाच कोण्या टपरीच्या नावाने आज एक गजबजलेला चौक ओळखला जातो.

गोपालपुऱ्यात थडीला अजूनही तेवढाच मान आहे. सकाळी पोहे, कांद्याची कचोरी आणि आल्याचा चहा येथेच होतो. कुठल्या खात्याची जाहिरात निघाली, कुठल्या परीक्षेची तारीख पुढे गेली, कुणाचा ‘कट-ऑफ’ किती लागला, ही सगळी बातमी वर्तमानपत्राच्या आधी येथे येते. चहाचा ग्लास लहान असतो आणि चर्चा लांबते. जानेवारीत धुके आणि बोचरी थंडी, मे महिन्यात अंगाची लाही करणारी लू, जुलै-ऑगस्टमध्ये तुंबलेले रस्ते. थडी मात्र बंद नसते.

या भागात क्रिकेटचे वेड आहे, हे सांगायला नको. सवाई मानसिंह स्टेडियम येथून फार दूर नाही, आणि आयपीएलच्या दिवसांत टोंक रस्त्यावरची वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. तरीही या खोल्यांतून फुटबॉल पाहणारा एक लहानसा पंथ असतो. ही मुले क्रिकेटवाल्यांच्या नजरेत थोडी विक्षिप्त. कारण त्यांचा सामना सुरू होतो तेव्हा बाकीची खोली झोपलेली असते. कानात इयरफोन, अंगावर रजई आणि हातात मोबाइल. पडद्यावर असते ती स्पेनची पहिल्या श्रेणीची लीग, ‘ला लिगा’.

ऑगस्ट ते मे

स्पेनमधला रात्री नऊचा सामना भारतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये साडेबारा वाजता सुरू होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात आणि तोच सामना येथे दीड वाजता लागतो. मार्चअखेरीस घड्याळे पुन्हा पुढे, सामना पुन्हा साडेबाराला. म्हणजे ऐन थंडीत, जेव्हा रजईतून बोट बाहेर काढणे जिवावर येते, तेव्हाच जागरण सर्वांत लांब असते.

ही आवड एवढ्या दूर पोहोचली कशी, याला एक व्यवहारी कारण आहे. २०१८ ते २०२१ या तीन हंगामांसाठी भारतीय उपखंडातील प्रक्षेपणाचे हक्क फेसबुकने घेतले होते. हंगामाचे सर्व ३८० सामने मोबाइलवर फुकट दिसत. त्याच सुमाराला मोबाइलचा डेटा स्वस्त झालेला. ज्या मुलाच्या खोलीत दूरदर्शन संच नव्हता आणि केबलचे पैसे भरायला वडिलांकडे मागायची हिंमत नव्हती, त्याच्या तळहातावर बार्सिलोना आणि माद्रिद येऊन उभे राहिले. पुढे हक्क हात बदलत राहिले, काही ठिकाणी पैसेही मोजावे लागू लागले. पण लागलेली सवय टिकली.

या लीगची रचना समजायला सोपी आहे. संघ वीस. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या गावात आणि एकदा त्याच्या गावात. म्हणजे प्रत्येकाचे ३८ सामने. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक. हंगामाच्या शेवटी सर्वाधिक गुणांचा संघ विजेता. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. एका दिवसाच्या नशिबावर कोणी विजेता होत नाही, वर्षभराचा हिशेब लागतो.

पण खरी गंमत तक्त्याच्या वरच्या टोकाला नसून खालच्या टोकाला असते. शेवटचे तीन संघ दुसऱ्या श्रेणीत घसरतात आणि तिथून तीन संघ वर येतात. १९२९ मध्ये सुरू झालेल्या या लीगमध्ये आजवर कधीही न घसरलेले क्लब फक्त तीनच: रिआल माद्रिद, बार्सिलोना आणि अ‍ॅथलेटिक बिल्बाओ. बाकी सर्वांनी कधी ना कधी खालची पायरी पाहिली आहे. दोन संघांचे गुण सारखे झाले, तर स्पेनमध्ये आधी एकूण गोल मोजत नाहीत, तर त्या दोघांमधल्या सामन्यांत कोण वरचढ ठरला ते पाहतात. अर्ध्या गुणाने यादीबाहेर राहिलेल्या गोपालपुऱ्याच्या मुलाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

डोंगराच्या कुशीतले कारखान्याचे गाव

मोठ्या क्लबांचे चाहते सगळीकडे असतात. मात्र या लीगच्या इतिहासात एका हंगामाची कथा अशी आहे, की ती लहान गावातून मोठ्या शहरात आलेल्या कोणालाही आपलीशी वाटावी. ती कथा २०१४-१५ च्या हंगामाची आणि एइबार नावाच्या गावाची.

एइबार उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात आहे. बिल्बाओ आणि सान सेबास्तियन या दोन प्रसिद्ध शहरांच्या मध्ये, एगो नदीच्या अरुंद खोऱ्यात ते अडकवून ठेवल्यासारखे वसले आहे. लोकसंख्या सुमारे २७ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. सपाट जागा एवढी कमी, की घरे उंच गेली आणि उतारावर चढली. वरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बाजारहाट करता यावा म्हणून गावात सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने बसवले आहेत.

या गावाचा पिढीजात धंदा बंदुका घडवण्याचा. त्यामुळे तिथल्या संघाला ‘आर्मेरोस’, म्हणजे बंदूक-कारागीर, असेच टोपणनाव पडले. गावात शस्त्रउद्योगाचे संग्रहालयही आहे. परंतु बंदुकीचा बाजार नेहमीच तेजीत नसतो. मंदी आली तेव्हा या कारागिरांनी आपले कसब दुसरीकडे वळवले. नळी ओढणाऱ्या हातांनी सायकलच्या नळ्या केल्या. आज जगभर नाव असलेल्या ‘ओर्बेआ’ आणि ‘बीएच’ या दोन्ही सायकल-कंपन्या मूळच्या येथल्या बंदूकवाल्यांच्या. १९२० मध्ये कामगारांनी एकत्र येऊन ‘आल्फा’ ही सहकारी संस्था काढली आणि काही वर्षांत ती शिवणयंत्रे बनवू लागली. स्पेनमधल्या कितीतरी घरांतल्या आयांनी मुलांचे कपडे त्या यंत्रांवर शिवले.

गाव बाण्याचेही आहे. १४ एप्रिल १९३१ रोजी स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली, तेव्हा पहाटेच सर्वांत आधी तो झेंडा एइबारच्या नगरपालिकेवर चढला. पुढे यादवी युद्धात, एप्रिल १९३७ मध्ये, बाँबवर्षावाने गाव जवळजवळ उद्ध्वस्त झाले. युद्ध संपल्यावर, १९४० मध्ये, पडझडीतून उभ्या राहणाऱ्या या गावात आजचा फुटबॉल क्लब स्थापन झाला.

त्याचे मैदान ‘इपुरुआ’. २०१४ मध्ये तिथे जेमतेम पाच-सहा हजार माणसे बसत. माद्रिद किंवा बार्सिलोनाच्या स्टेडियमचा एक कोपरा म्हणावा एवढेच. मैदानाला लागून राहत्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या बाल्कनीतून सामना दिसतो. कपडे वाळत घालता-घालता सामना पाहता येईल असे हे पहिल्या श्रेणीचे मैदान!

कर्ज नाही, म्हणून दंड

मे २०१४ मध्ये हा क्लब दुसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि इतिहासात प्रथमच ला लिगामध्ये जाण्यास पात्र ठरला. अवघ्या वर्षापूर्वी तो तिसऱ्या श्रेणीत होता. गावात आनंदाला पारावार राहिला नाही. पण त्या आनंदावर एका कागदाची सावली होती.

स्पेनमध्ये १९९९ चा एक शासकीय नियम होता. क्लबचे भागभांडवल त्या श्रेणीतल्या क्लबांच्या सरासरी खर्चाच्या एक चतुर्थांश तरी असले पाहिजे, असे तो सांगे. हेतू चांगला होता: क्लब डबघाईला येऊ नयेत. आता एइबारचा कारभार कसा होता? अंथरूण पाहून पाय पसरणारा. दुसऱ्या श्रेणीत खर्चाच्या बाबतीत तळाला, आणि डोक्यावर कर्ज नाही. पण इतर क्लब हात सैल सोडून खर्च करत होते, म्हणून सरासरी फुगली होती. त्या सरासरीच्या मापाने एइबारचे सुमारे ४ लाख २२ हजार युरोचे भांडवल तोकडे ठरले. नियमाने सांगितले, ६ ऑगस्ट २०१४ पर्यंत आणखी १७ लाख २४ हजार २७२ युरो उभे करा. नाही तर पहिली श्रेणी राहू द्या, थेट तिसऱ्या श्रेणीत जा.

म्हणजे वर्गात पहिला आलेल्या मुलाला सांगावे, की तुझ्या घरचा खर्च फार कमी आहे, तेव्हा तुला नापास करतो. कर्जात बुडालेल्या क्लबांना हा प्रश्न आला नाही आणि काटकसर करणाऱ्याला आला.

क्लबने कोण्या धनवंताचे दार ठोठावले नाही. त्याने ५० युरोचा एक असे भाग विक्रीला काढले आणि कोणालाही एक लाख युरोपेक्षा जास्त भाग घेता येणार नाहीत अशी अट घातली. उद्या कोणी एकाने क्लबच गिळू नये हा हेतू. तरुणपणी या क्लबकडून उसनवारीवर खेळून गेलेले शाबी आलोन्सो आणि दाविद सिल्वा, दोघेही पुढे स्पेनसाठी विश्वचषक जिंकलेले, त्यांनी मोहिमेला जाहीर पाठिंबा दिला. गावातल्या दुकानदारांनी, निवृत्त कामगारांनी भाग घेतले. आणि ज्यांनी एइबार नकाशावरही पाहिले नव्हते अशा दूरदेशीच्या हजारो लोकांनीही घेतले. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी, जुलैमध्येच रक्कम पुरी झाली.

एका हंगामाचा चढ-उतार

२४ ऑगस्ट २०१४. इपुरुआवर ला लिगाचा पहिला सामना. समोर शेजारच्या सान सेबास्तियनचा बलाढ्य रिआल सोसिएदाद. मध्यंतरापूर्वी हावी लारा याने फ्री-किकवर चेंडू जाळ्यात घातला आणि एइबार १-० ने जिंकले. त्यानंतरचे चार महिने गाव हवेत तरंगत होते. निम्मा हंगाम, म्हणजे १९ सामने झाले तेव्हा संघाच्या खात्यात २७ गुण होते आणि तो तक्त्याच्या वरच्या अर्ध्यात होता.

मग घसरण सुरू झाली. पुढच्या १९ सामन्यांत मिळाले फक्त ८ गुण. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा प्रत्येक जण हा काळ ओळखतो. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, चाचणीतले गुण उतरू लागतात, आणि कालपर्यंत कौतुक करणारे अचानक गप्प होतात. २३ मे २०१५ हा शेवटचा दिवस. एइबारने कोर्दोबाला ३-० ने हरवले. आपले काम चोख केले. पण त्याच वेळी देपोर्तिवोने बार्सिलोनाशी आणि ग्रानादाने अ‍ॅटलेटिको माद्रिदशी बरोबरी साधली. तिन्ही संघांचे गुण झाले ३५. आपसांतल्या सामन्यांचा हिशेब मांडला तेव्हा तिघांत एइबार खाली राहिले. अठरावे स्थान, म्हणजे घसरण. जिंकूनही गेले.

कथा इथेच संपली असती, तर ती नेहमीची झाली असती. परंतु त्याच लीगमध्ये एल्चे नावाचा एक क्लब तेरावा आला होता. मैदानावर तो सुरक्षित होता. हिशेबात मात्र नव्हता. कराची थकबाकी आणि देणी यांच्या ओझ्याखाली तो दबला होता. ५ जून २०१५ रोजी लीगने आर्थिक नियम मोडल्याबद्दल एल्चेला दुसऱ्या श्रेणीत पाठवले आणि रिकाम्या झालेल्या जागी एइबार राहिले. ज्या हिशेबाच्या नियमाने वर्षापूर्वी त्याचा गळा आवळला होता, तसल्याच नियमाने त्याला आता हात दिला.

घसरणीची जबाबदारी घेऊन प्रशिक्षक गाइस्का गारितानो यांनी पद सोडले. त्यांच्या जागी होसे लुइस मेंदिलीबार आले. मिळालेली संधी क्लबने वाया घालवली नाही. त्यानंतर आणखी सहा हंगाम, म्हणजे एकूण सात, हे २७ हजारांचे गाव पहिल्या श्रेणीत राहिले. २०१७-१८ मध्ये ते नवव्या क्रमांकावर आले. २४ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याने इपुरुआवर रिआल माद्रिदला ३-० अशी धूळ चारली. अखेर २०२१ मध्ये तळाला राहून ते खाली गेले. पुढच्याच वर्षी थेट परत येण्याची संधी शेवटच्या दिवसापर्यंत हातात होती. पण आधीच घसरलेल्या आल्कोर्कोनकडून ०-१ हरून तीही गेली.

गोपालपुऱ्याचा अठरावा क्रमांक

ही कथा गोपालपुऱ्यात सांगितली, की ऐकणारा प्रथम हसतो आणि मग विचारतो: ‘पण तिथे नियम शेवटी कामाला आला ना?’ या प्रश्नामागे राजस्थानच्या तरुणांचे मोठे दुखणे आहे.

२६ सप्टेंबर २०२१ रोजी राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे ‘रीट’, झाली. लाखो उमेदवार एका दिवसात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. त्यांच्यासाठी बसप्रवास फुकट होता, कित्येक ठिकाणी इंटरनेट बंद ठेवले होते. तरीही प्रश्नपत्रिका फुटली. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने या परीक्षेचा दुसरा स्तर रद्द केल्याचे जाहीर केले. ज्यांनी पेपर विकत घेतला त्यांचे गेले ते गेलेच. पण ज्यांनी रात्रीचा दिवस केला होता, त्यांचे वर्षही त्यांच्यासोबत गेले.

डिसेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ शिक्षक भरतीच्या सामान्यज्ञानाचा पेपर परीक्षेपूर्वीच बाहेर आला; उदयपूरजवळ पोलिसांनी एक बस पकडली, तिच्यात बसून उमेदवार तोच पेपर सोडवत होते. या प्रकरणाचे धागे थेट गोपालपुऱ्याच्या पश्चिम टोकाला पोहोचले. जानेवारी २०२३ मध्ये गुर्जर की थडी येथील एका शिकवणी-वर्गाच्या इमारतीवर जयपूर विकास प्राधिकरणाने बेकायदा बांधकामाबद्दल हातोडा चालवला. ती वापरणाऱ्यांची नावे पेपरफुटीत आली होती. राज्याने २०२२ मध्ये पेपरफुटीविरुद्ध कडक कायदा केला आणि २०२३ मध्ये त्यातली शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली.

कायदा झाला, पण वयाची मर्यादा कोणासाठी थांबत नाही. एइबारला जून महिन्यात दुसऱ्याची रिकामी जागा मिळाली. रद्द झालेल्या परीक्षेत मात्र कोणाची जागा रिकामी होत नाही. सगळ्यांचाच तक्ता पुसला जातो. सव्विसाव्या वर्षी आलेला मुलगा एकोणतिसाव्या वर्षी त्याच लायब्ररीत त्याच खुर्चीवर बसलेला दिसतो. त्याच्या गावात लग्नाची बोलणी ‘नोकरी लागल्यावर पाहू’ या वाक्यावर अडून असतात. मुलींचे तर आणखी कठीण. त्यांना घरून मिळालेली मुदत बहुधा एका परीक्षेची असते, फार तर दोन.

पुण्यातही हे दुःख अपरिचित नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली, तेव्हा नवी पेठेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. तारीख पुन्हा ठरली, परीक्षाही झाली. पण पुढे ढकललेल्या प्रत्येक आठवड्याचे खोलीभाडे आणि मेसचे पैसे गावाकडच्या कोणीतरी भरलेले असतात, हे पुण्याला ठाऊक आहे आणि जयपूरलाही.

मग प्रश्न पडतो, की दिवसभर एवढे ओझे वाहणारा मुलगा रात्री दीड वाजता दुसऱ्याच्या देशातला सामना का पाहतो? घरचे म्हणतील, वेळेचा अपव्यय. शिकवणीतले सरही तेच म्हणतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या तासाला जांभया देणाऱ्याकडे पाहिले, तर त्यांचे म्हणणे खोटेही नाही. पण त्याच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. त्या नव्वद मिनिटांत जे घडते ते सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते. चुकीचे झाले तर चुकीचे दिसते. शिटी वाजली, की त्याच क्षणी निकाल लागतो. त्यासाठी आठ महिने संकेतस्थळ उघडून पाहावे लागत नाही. हरलेल्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना मिळतो. ज्याला स्वतःच्या परीक्षेत यातले काहीच हमखास मिळत नाही, त्याला ते पाहण्यातही विसावा वाटत असेल.

बदलता परिसर

राजस्थानचे स्वतःचे फुटबॉलही अगदीच पोरके नाही. बिकानेरचे मगनसिंह राजवी हे भारतीय संघाचे कर्णधार होते आणि १९७३ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. २०१८ मध्ये स्थापन झालेला राजस्थान युनायटेड हा क्लब २०२१ ची पात्रता स्पर्धा जिंकून आय-लीगमध्ये गेला. या राज्यातून तिथे पोहोचलेला तो पहिला क्लब. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने ड्युरँड चषकात एटीके मोहन बागानसारख्या मातब्बर संघाला ३-२ असे हरवले. एइबारची कथा आवडणाऱ्यांनी मान वर करून पाहावे असे काही जयपुरातही घडते आहे.

गोपालपुराही बदलतो आहे. राहत्या वस्तीतली ही गर्दी, अरुंद जिने, तळघरातले वर्ग यांचा प्रश्न मोठा झाला, तेव्हा राजस्थान गृहनिर्माण मंडळाने शहराच्या दक्षिणेला प्रतापनगर येथे खास शिकवणी-वर्गांसाठी इमारतींचा समूह उभारला. काही वर्ग तिकडे गेले. पण थडी, मेस आणि स्वस्त खोली यांचे जाळे एका आदेशाने उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. गोपालपुरा अजून भरलेलाच आहे.

जयपूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने हा भाग वाट वाकडी करून पाहावा असे नाही, कारण तो वाटेवरच आहे. सवाई माधोपूरकडून येणाऱ्या गाड्यांच्या मार्गावरचे दुर्गापुरा हे लहान स्थानक येथून जवळ. त्याच्या पुढचे गांधीनगर स्थानक तर फेब्रुवारी २०१८ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात. २०१७ मध्ये मुंबईच्या माटुंगा स्थानकावर सुरू झालेला पायंडा तिथे पुढे गेला. सांगानेरला हातकागद आणि छापील कापड पाहायला जाताना टोंक रस्त्यावरूनच जावे लागते. गोपालपुरा मोडला उतरून बायपासच्या बाजूला दोनशे पावले चालले, तरी पुरे. कचोरी गरम असते, चहा कडक असतो, आणि बाकावर सरकून जागा दिली जाते. कुणाशी बोलणे निघालेच, तर ‘कितवा प्रयत्न?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. त्याऐवजी गाव कोणते, ते विचारावे.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला शिकवणीच्या दोन तुकड्या एकदम सुटतात आणि रस्ता पाठीवरच्या दप्तरांनी भरून जातो. नऊनंतर गर्दी ओसरते. अकराला मेसचे शटर खाली येते. लायब्ररीच्या काचेमागे दिवे जळत राहतात, आणि वरच्या मजल्यावरच्या एखाद्या खिडकीत, शनिवार-रविवार असेल तर, मोबाइलचा निळसर उजेड हलताना दिसतो. पहाटे पाचला थडीवाला शेगडी पेटवतो. पहिल्या चहाला येणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात: लवकर उठलेले आणि अजून न झोपलेले. तो दोघांनाही एकाच पातेल्यातला चहा देतो.